हातगाडीभर नोटांनी हिटलर आणला का?

हिटलर सत्तेवर कसा आला याची गोष्ट आपल्याकडे बहुतेक एकाच साच्यात सांगितली जाते. जर्मनी पहिलं महायुद्ध हरला, त्याच्यावर भरमसाट दंड बसला, सरकारनं नोटा छापून छापून त्यांची रद्दी केली, लोक हातगाडीत नोटा घालून पाव आणायला जाऊ लागले आणि शेवटी चिडून त्यांनी हिटलरला निवडून दिलं. सोलापुरात नव्या पेठेतल्या एखाद्या हॉटेलात चहा घेता घेता ही गोष्ट निघाली, की कुणीतरी म्हणतंच, "महागाई अशीच वाढली तर आपल्याकडंबी तेच होणार बघा."

गोष्ट ऐकायला चोख आहे. तारखा मात्र तिला साथ देत नाहीत.

हातगाडीभर नोटांचं वर्ष १९२३. त्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. त्याच महिन्यात हिटलरनं म्युनिकमध्ये सरकार उलथवायचा प्रयत्न केला. तो एका रात्रीत फसला आणि हिटलर तुरुंगात गेला. लगेच नवं चलन आलं, अमेरिकेची कर्जं आली, कारखान्यांची धुराडी पुन्हा पेटली. मे १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला मिळाली २.६ टक्के मतं आणि १२ जागा. नोटांची रद्दी होऊन साडेचार वर्षं उलटली होती आणि हा पक्ष अजून फुटकळच होता. पुढं सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्के मतं आणि १०७ जागा. जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के, २३० जागा आणि संसदेतला सर्वांत मोठा पक्ष.

म्हणजे बघायचं ते १९२८ ते १९३२ या चार वर्षांत काय झालं ते. या काळातला निर्णायक त्रास महागाईचा नव्हता. भाव उलट उतरत होते, आणि लोकांचे हाल त्यातूनच होत होते.

भाव उतरले तर चांगलंच की, असं कुणालाही वाटेल. ते का चांगलं नसतं हे कळायला सोलापूरकराला एक यंत्रमागाचा कारखाना पुरे. समजा, साखर पेठेत कुणाचे आठ माग आहेत, बँकेच्या कर्जातून घेतलेले. टॉवेलचा भाव निम्म्यावर आला. सूतही स्वस्त झालं, कारखानदारानं मजुरीही कमी केली. पण बँकेचा हप्ता? तो ठरला तेवढाच. पूर्वी शंभर डझन विकून जो हप्ता भागायचा, त्याला आता दोनशे डझन विकावे लागणार, आणि घेणारा व्यापारी तर म्हणतोय, "पुढच्या महिन्यात आणखी उतरेल, आत्ता नको." मग दोन माग विकायला काढायचे. शेजारच्यानंही काढलेत, त्यामुळं मागांनाही भाव नाही. मजूर सुटले, म्हणून किराणावाल्याची उधारी थकली. किराणावाला स्वतः टॉवेल घ्यायचा, तो थांबला. हेच सगळ्या देशात एकाच वेळी सुरू झालं तर काय होईल?

जर्मनीत ते झालं. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि अमेरिकी सावकार पैसे परत मागू लागले. तीन वर्षांत जर्मनीचं औद्योगिक उत्पादन जवळपास ४० टक्क्यांनी घसरलं. १९३२ च्या सुरुवातीला नोंदलेले बेकार ६० लाखांवर गेले. देशाची लोकसंख्या तेव्हा साडेसहा कोटींच्या आसपास होती.

अशा वेळी सरकारनं काय केलं, हा या गोष्टीतला सगळ्यांत कमी सांगितला जाणारा भाग. मार्च १९३० मध्ये आघाडी सरकार पडलं ते बेकारी विम्याची वर्गणी किती वाढवायची या वादावर. त्यानंतर आलेल्या चॅन्सलर, म्हणजे पंतप्रधान, ब्रूनिंगनं संसदेला बाजूला ठेवून राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमांवर राज्य चालवलं. सरकारी पगार कापले, पेन्शनी कापल्या, बेकार भत्ता कापला, कर वाढवले. लोकांनी त्याला 'भूक-चॅन्सलर' असं नावच पाडलं. तो काही दुष्ट माणूस नव्हता. युद्धाची नुकसानभरपाई, म्हणजे तो दंड, फेडणं जर्मनीला झेपत नाही, हे त्याला जगाला दाखवून द्यायचं होतं. शिवाय १९२३ ची धास्ती प्रत्येकाच्या मनात होती. जास्त पैसा बाजारात सोडायचा म्हटलं की लोकांना हातगाडी आठवायची. नोटांच्या रद्दीनं हिटलरला थेट आणलं नाही, पण तिच्या आठवणीनं पुढच्या सरकारांचे हात बांधले. आणखी एक काम तिनं केलं. आयुष्यभराची बचत गेलेला मध्यमवर्ग आपल्या नेहमीच्या मवाळ पक्षांपासून तुटला. बुडालेल्या ठेवीदारांचा वेगळा पक्ष निघाला, घरमालक आणि लहान व्यावसायिकांचा वेगळा. ही मतं नाझींकडं जाण्याआधी बराच काळ बेघर होऊन हिंडत होती.

जिथं सरकारी कपात जास्त बसली तिथं नाझींची मतंही जास्त वाढली, असं अलीकडच्या संशोधनात जिल्ह्याजिल्ह्यांचे आकडे ताडून दिसलं आहे. मंदी आभाळातून पडली असेल. कपात मात्र माणसांनी सही करून केली होती.

आता मत कुणी दिलं ते बघू. आपला अंदाज असा, की ज्याची नोकरी गेली तो हिटलरकडं गेला. तसं फारसं झालं नाही. बेकार झालेला गिरणी-खाण कामगार बहुतेक कम्युनिस्टांकडं वळला. नाझींकडं जास्त प्रमाणात गेला तो लहान दुकानदार, स्वतःचं वर्कशॉप असलेला कारागीर, थोड्या जमिनीचा शेतकरी, पेन्शनवर जगणारा. उत्तरेकडच्या श्लेस्विग-होल्स्टाइन या शेतकरी भागात तर जुलै १९३२ मध्ये निम्म्याहून जास्त मतं नाझींना पडली. नॉर्टहाइम नावाचं दहा हजार वस्तीचं एक गाव आहे. इतिहासकारांनी त्याची बारकाईनं पाहणी केली. तिथल्या मध्यमवर्गाला मंदीची थेट झळ फारशी बसलीच नव्हती. पण रोज बेकार भत्त्यासाठी उभी राहिलेली रांग त्यांना दिसत होती. उद्या या रांगेत आपण, ही भीती त्यांना पुरली.

मला हा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि सोलापुरात तो समजायला जड जाऊ नये. कुंभारीच्या वसाहतीतली विडी वळणारी बाई पान-तंबाखू कमी मिळाली, विड्या जास्त छाट, म्हणजे नापास, काढल्या म्हणून भांडते. तिचं भांडण कुणाशी आहे हे तिला पक्कं माहीत असतं. आठ मागांचा मालक मात्र अधांतरी असतो. कारखानदारांच्या संघटनेत त्याला कुणी विचारत नाही, मजुरांच्या युनियनमध्ये तो जाऊ शकत नाही, आणि माग गेले तर स्वतः दुसऱ्याच्या कारखान्यात मजुरी करावी लागेल हे त्याच्या डोक्यातून जात नाही. घसरणीला घाबरलेल्या या माणसाशी नाझी बोलत होते.

आणि बोलणं हे त्यांचं खरं कसब होतं.

'गोबेल्स तंत्र' म्हटलं की आपल्याकडं लगेच ते वाक्य येतं: खोटं शंभर वेळा सांगा, खरं वाटू लागतं. हे त्याच्या नावावर खपवलेलं वाक्य आहे; तो असं म्हणाल्याचा पुरावा नाही. पुन्हा पुन्हा ऐकलेलं विधान जास्त खरं वाटतं हे मात्र अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये प्रयोगातून दाखवलं, आणि नंतर ते अनेकदा तपासलं गेलं. पण नाझींचा प्रचार म्हणजे नुसती पुनरुक्ती समजलं तर निम्मी गोष्ट हातातून निसटते.

ते माणूस बघून बोलत. शेतकऱ्याला सांगत, तुझ्या जमिनीचा लिलाव थांबवू. दुकानदाराला सांगत, तुझं गिऱ्हाईक पळवणारी ती मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स मोडून काढू. कामगाराला 'काम आणि भाकरी'. जानेवारी १९३२ मध्ये हिटलर ड्युसेलडॉर्फच्या उद्योगपतींसमोर बोलला तेव्हा मालमत्तेचं रक्षण आणि कम्युनिस्टांचा धोका यावरच बोलला. ज्यूंचा विषय तिथं त्यानं जवळपास काढलाच नाही. ही वचनं एकमेकांशी जुळत नव्हती. शेतमालाला जादा भाव आणि कामगाराला स्वस्त भाकरी एकाच वेळी कशी द्यायची? पण दोघं एका सभेला बसत नसत, त्यामुळं हिशेब मागणारा कुणी नव्हता.

दुसरं म्हणजे सभा. निवडणूक नसतानाही, ज्या खेड्यात इतर पक्षांचा माणूस पाच वर्षांत एकदा यायचा, तिथं नाझींची सभा व्हायची. बँड असायचा, कधी नाटुकलं असायचं, आणि तिकीट काढून लोक यायचे. वक्ते तयार करायला पक्षानं टपालानं शिकवणी चालवली होती. त्यामुळं बोलणारा बर्लिनचा साहेब नसून पलीकडच्या गावचा ओळखीचा माणूस असायचा. आजही मोबाइलवर आलेली गोष्ट आपण मान्य करतो ती बहुतेक वेळा पाठवणारा मेहुणा किंवा भिशीतला मित्र असतो म्हणून. तिचा मूळ लेखक कोण हे कुणी विचारत नाही.

तिसरं म्हणजे उधारीची प्रतिष्ठा. आल्फ्रेड हुगेनबर्ग हा वृत्तपत्रांचा आणि चित्रपट कंपनीचा मालक, जुन्या राष्ट्रवादी पक्षाचा नेता. १९२९ मध्ये नुकसानभरपाईच्या नव्या कराराविरुद्ध सार्वमत घ्यायचं म्हणून त्यानं हिटलरला बरोबर घेतलं. सार्वमत आपटलं. पण तोवर सुखवस्तू घरांत जाणाऱ्या वर्तमानपत्रांतून हिटलरचं नाव प्रतिष्ठितांच्या रांगेत झळकलं होतं.

आणि मग दोषी. युद्ध आम्ही रणांगणावर हरलोच नाही, घरातल्यांनी पाठीत सुरा खुपसला, ही दंतकथा १९१९ पासूनच फिरत होती. नाझींनी त्या सुऱ्याला चेहरा दिला: ज्यू. जर्मनीत ज्यूंचं प्रमाण एक टक्काही नव्हतं. त्यांनी साठ लाख लोकांची कामं घालवली हे गणितात बसत नव्हतं, पण गणित करायची कुणाला पडली नव्हती.

हाल आणि प्रचार यांचं नातं नेमकं कसं, याचं मला सापडलेलं सगळ्यांत स्वच्छ उदाहरण बँकांचं आहे. जुलै १९३१ मध्ये दानाट बँक बुडाली. तिचा प्रमुख याकोब गोल्डश्मिट ज्यू होता. नाझींनी त्याचं नाव उचललं. त्याच वेळी ड्रेसडनर ही दुसरी मोठी बँकही कोलमडली होती. कुठल्या गावातल्या कंपन्यांची खाती कुठल्या बँकेत होती हे अर्थशास्त्रज्ञांनी अलीकडं शोधून काढलं. दोन्ही प्रकारच्या गावांत लोकांची कमाई सारखीच घटली. पण नाझींची मतं ठळकपणे वाढली ती दानाटशी बांधलेल्या गावांत, आणि त्यातही जिथं ज्यूद्वेषाचा जुना इतिहास होता तिथं. खिशाला फटका तोच. फरक बोट दाखवायला तयार नाव होतं की नव्हतं एवढाच.

इथं रेडिओचाही किस्सा सांगायला हवा. १९३३ च्या आधी जर्मन रेडिओ सरकारच्या हातात होता आणि नाझींना तिथं फारशी जागा नव्हती. ज्या भागात रेडिओ नीट ऐकू यायचा तिथं त्या वर्षांत नाझींची वाढ तुलनेनं कमी झाली. जानेवारी १९३३ अखेर सत्ता बदलली, रेडिओ नाझींच्या ताब्यात गेला, आणि पाच आठवड्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच भागांतला हा फरक पुसला गेला. खांब तेच, संच तेच, माइकसमोरचा माणूस बदलला. त्याच वर्षी ७६ मार्कांत मिळणारा स्वस्त 'जनतेचा रेडिओ' बाजारात आला.

प्रचार सगळ्यांवर चालला असंही नाही. कॅथलिक भागांत आणि युनियनच्या कामगारांत नाझींना फार शिरकाव मिळाला नाही. त्यांच्याकडं स्वतःचा पक्ष, स्वतःचं वर्तमानपत्र, अडीनडीला स्वतःची माणसं होती. यावरून मंडळं-संघटना असल्या की समाज सुरक्षित, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण तालमी आणि गाण्याची मंडळं जास्त असलेल्या गावांत नाझी पक्षाचे सदस्य उलट लवकर वाढले, असंही संशोधन आहे. ओळखीचं जाळं दाट असलं की चांगली गोष्ट जशी पसरते तशी वाईटही. सोलापुरात गल्लोगल्ली तालीम आणि मंडळ आहे, म्हणून ही नोंद मला जास्त खुपते.

याच काळातलं सोलापूरही आठवावं. जगभरची मंदी हिंदुस्थानातही आली होती, शेतमालाचे भाव कोसळले होते. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर हे गिरणीगाव पेटलं. गोळीबार झाला, पोलीस चौक्या आणि कोर्ट जाळलं गेलं, १२ मे रोजी मार्शल लॉ लागला. पुढं १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. नावांवरूनच दिसतं की मराठी, कानडी, मारवाडी, मुसलमान सगळे त्यात होते. त्या संतापाचा रोख सरकारवर होता, शेजारच्या पेठेवर नव्हता. तुलना फार ताणू नये. इथं परकी राज्य होतं, मतपेटी बहुतेकांच्या वाट्याला नव्हती, आणि हे शहर पुढं कायम असंच शहाणं राहिलं असा दावा कुणी करणार नाही. पण त्या चार महिन्यांच्या अंतरात, मे मध्ये सोलापूर आणि सप्टेंबरच्या निवडणुकीत जर्मनी, एकाच मंदीतली दोन ठिकाणं रागाला वेगळी वाट देताना दिसतात.

देशांचंही तसंच. अमेरिकेत १९३३ मध्ये चारातला एक कामगार बेकार होता. तिथं रूझवेल्ट आले आणि त्यांनी सरकारी कामं काढली. स्वीडनमध्ये समाजवादी आणि शेतकऱ्यांचा पक्ष यांनी १९३३ मध्ये समझोता केला: शेतमालाला आधार तुम्ही घ्या, बेकारांना काम आम्हाला द्या. ब्रिटनमधल्या फॅसिस्टांना संसदेत एक जागाही जिंकता आली नाही. मंदी सगळीकडं होती.

आता शेवटचा टप्पा, ज्याबद्दल 'लोकांनी निवडून दिलं' हे वाक्य सर्रास वापरलं जातं. नोव्हेंबर १९३२ मध्ये पुन्हा निवडणूक झाली. नाझी घसरले: ३३.१ टक्के, १९६ जागा, चार महिन्यांत वीस लाख मतं कमी. पक्ष कर्जात होता. मंदीचा तळही तोवर येऊन गेला होता. समाजवादी आणि कम्युनिस्ट मिळून २२१ जागा होत्या, नाझींपेक्षा जास्त. पण कम्युनिस्ट समाजवाद्यांनाच फॅसिस्टांचे भाऊबंद म्हणत होते, आणि समाजवाद्यांचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता.

अशा वेळी जुन्या सरंजामी वर्तुळातल्या फ्रान्झ फॉन पापेननं हिशेब केला. हिटलरकडं गर्दी आहे, आपल्याकडं मंत्रिमंडळातली खाती. त्याला पुढं बसवू आणि दोऱ्या आपण ओढू. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग आधी तयार नव्हते, नंतर झाले. ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सलर झाला तेव्हा मंत्रिमंडळात त्याच्यासह नाझी फक्त तीन होते. २७ फेब्रुवारीला संसदेची इमारत जळाली, दुसऱ्या दिवशी वटहुकमानं नागरिकांचे हक्क गेले. त्या दहशतीतही ५ मार्चच्या निवडणुकीत नाझींना ४३.९ टक्केच मिळाले, निम्मी मतं नाहीतच. २३ मार्चला संसदेनं स्वतःचे अधिकार हिटलर सरकारला दिले, ४४४ विरुद्ध ९४ मतांनी. विरोधात फक्त समाजवादी होते. कम्युनिस्ट खासदार तुरुंगात किंवा भूमिगत होते. १४ जुलैला दुसरा पक्ष काढणं हाच गुन्हा झाला. आपण ओढू म्हटलेल्या दोऱ्या साडेपाच महिन्यांत कुणाच्या हातात गेल्या, हे पापेनला कळलं असावं.

हेच दार बेल्जियममध्ये कसं बंद राहिलं ते कमी जणांना माहीत असतं. लेऑन देग्रेल या तरुण, फर्ड्या वक्त्याच्या रेक्स पक्षानं १९३६ मध्ये पहिल्याच फटक्यात २१ जागा जिंकल्या. भ्रष्ट पुढाऱ्यांना झाडूनं साफ करायचं, ही त्याची घोषणा होती. १९३७ मध्ये त्यानं ब्रसेल्सची एक पोटनिवडणूक मुद्दाम ओढवून घेतली आणि स्वतः उभा राहिला. कॅथलिक, उदारमतवादी, समाजवादी आणि कम्युनिस्ट, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे हे सगळे, पंतप्रधान फान झेलांड या एकाच उमेदवारामागं उभे राहिले. कॅथलिक चर्चच्या प्रमुखानंही मतदानाच्या तोंडावर रेक्सविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. देग्रेलला सुमारे १९ टक्के मतं पडली, फान झेलांडना ७५ टक्क्यांहून जास्त. १९३९ मध्ये रेक्सच्या २१ जागांच्या ४ झाल्या. देग्रेलला पुन्हा भाव आला तो १९४० मध्ये, जर्मन रणगाडे बेल्जियममध्ये शिरल्यावर.